स्वातंत्र्याच्या दिवशी नेते किती वर्षांचे होते, आणि का

१५ ऑगस्ट १९४७ रोजी महात्मा गांधी ७७ वर्षांचे होते. सरदार पटेल ७१, राजगोपालाचारी ६८ आणि राजेंद्रप्रसाद ६२ वर्षांचे होते. मौलाना आझाद आणि त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष आचार्य कृपलानी हे दोघेही ५८ वर्षांचे, पंतप्रधान झालेले जवाहरलाल नेहरू ५७ वर्षांचे आणि आणखी दोनच आठवड्यांनी मसुदा समितीची धुरा ज्यांच्याकडे आली ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर ५६ वर्षांचे होते. या आठ जणांच्या वयांची सरासरी ६३ वर्षांहून थोडी अधिक भरते.

आता ४ जुलै १७७६ या दिवशी अमेरिकेत काय स्थिती होती ते पाहू. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे थॉमस जेफरसन ३३ वर्षांचे होते. जॉन ॲडम्स ४०, सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन ४४, जॉन हॅनकॉक ३९, सॅम्युअल ॲडम्स ५३, जॉन जे ३० आणि जेम्स मॅडिसन अवघे २५ वर्षांचे होते. बेंजामिन फ्रँकलिन तेवढे ७० वर्षांचे. या आठ जणांची सरासरी ४२ वर्षांच्याही किंचित खाली येते. दोन्ही याद्या मी प्रत्येक देशातील सर्वांत परिचित नावे घेऊन केल्या आहेत, आणि त्यांच्यात २१ वर्षांहून अधिक, म्हणजे जवळजवळ एका पिढीचे, अंतर आहे.

हे आकडे समोर आले की साधारणतः एक सोपे उत्तर दिले जाते: अमेरिकेचे राष्ट्र तरुणांनी उभे केले आणि आपले वृद्धांनी, कारण आपल्याकडे वडीलधाऱ्यांना मान देण्याची रीत आहे आणि तिकडे तारुण्याला. मला हे उत्तर अपुरे वाटते, इतकेच नव्हे तर या आठ जणांवर अन्याय करणारेही वाटते. खरे कारण रीतिरिवाजात नसून कालगणनेत आहे, आणि ते समजण्यासाठी प्रत्येक नेत्याच्या वयाचे दोन भाग करून पाहावे लागतात.

पहिला भाग म्हणजे तो माणूस लढ्यात शिरला तेव्हाचे वय. दुसरा भाग म्हणजे त्यानंतर स्वातंत्र्य मिळेपर्यंत लोटलेली वर्षे. या दोहोंची बेरीज म्हणजे स्वातंत्र्याच्या दिवशीचे वय. ही फोड केली की चित्र पूर्णपणे बदलते.

राजेंद्रप्रसाद १९१७ मध्ये चंपारणच्या सत्याग्रहात गांधीजींबरोबर उभे राहिले तेव्हा ३२ वर्षांचे होते. त्याच चंपारणात मुझफ्फरपूरच्या महाविद्यालयातील प्राध्यापक कृपलानी २८ वर्षांचे होते. नेहरू १९२० मध्ये वकिलीपासून दूर होऊन असहकाराच्या चळवळीत ओढले गेले तेव्हा ३० वर्षांचे होते. मौलाना आझादांनी १९१२ मध्ये कलकत्त्याहून ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक सुरू केले तेव्हा ते २३ वर्षांचे होते, आणि १९२३ मध्ये दिल्लीला भरलेल्या काँग्रेसच्या विशेष अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. आता अमेरिकेतील प्रवेशाची वये पाहा. ब्रिटिश संसदेने अमेरिकी वसाहतींवर लादलेल्या मुद्रांक कराविरुद्ध १७६५ मध्ये आपल्या गावाच्या वतीने निषेधाचा मजकूर लिहिणारे जॉन ॲडम्स २९ वर्षांचे होते, व्हर्जिनियाच्या विधिमंडळात १७६९ मध्ये पहिल्यांदा बसलेले जेफरसन २६ वर्षांचे होते, आणि त्याच वर्षी ब्रिटिश मालावरील बहिष्काराच्या बाजूने उभे राहिलेले वॉशिंग्टन ३७ वर्षांचे होते.

म्हणजे लढ्यात पाऊल टाकण्याच्या वयात दोन्ही देशांत फारसा फरक नाही. २३ ते ३७ या पट्ट्यातच ही बहुतेक सारी नावे बसतात. शिक्षण पुरे झालेले आहे, व्यवसायात बस्तान बसते आहे, आणि तरीही आयुष्याची दिशा बदलण्याइतकी मोकळीक अजून शिल्लक आहे, असे हे वय असते. फरक पडतो तो दुसऱ्या भागात. मुद्रांक कर लादला गेला १७६५ मध्ये आणि जाहीरनामा निघाला १७७६ मध्ये, म्हणजे भांडण सुरू झाल्यापासून नाते तोडेपर्यंत अकरा वर्षे गेली. जेफरसन यांच्या वाट्याला तर त्यातली सातच आली. नेहरूंच्या वाट्याला सत्तावीस वर्षे आली, राजेंद्रप्रसाद आणि कृपलानी यांच्या वाट्याला तीस, आणि आझादांच्या वाट्याला पस्तीस. नेहरूंनाही सातच वर्षे लागली असती तर ते १९२७ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, स्वतंत्र देशाचे नेते झाले असते, आणि मग ‘तरुणांनी घडवलेले राष्ट्र’ हे वर्णन आपण आपल्याविषयीच केले असते.

या बेरजेला अपवाद आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. पटेल खेडा सत्याग्रहाच्या निमित्ताने १९१८ मध्ये सार्वजनिक जीवनात पूर्णपणे आले तेव्हा ४२ वर्षांचे होते, कारण त्याआधी अहमदाबादेत त्यांची वकिली जोरात चालली होती. फ्रँकलिन यांचे तर बहुतेक आयुष्य या भांडणाच्या आधीच होऊन गेले होते. १७६६ मध्ये मुद्रांक कराविषयी ब्रिटिश संसदेपुढे त्यांची साक्ष झाली तेव्हाच ते ६० वर्षांचे होते. गांधीजी जानेवारी १९१५ मध्ये भारतात परतले तेव्हा ४५ वर्षांचे होते. परंतु त्यांची खरी सुरुवात १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ इंडियन काँग्रेसच्या स्थापनेपासून धरली, तर ते वय २४ ठरते, आणि पुढची वाट ५३ वर्षांची होते.

डॉ. आंबेडकरांचा विचार मात्र या बेरजेत जसाच्या तसा बसवता येत नाही, आणि बसवूही नये. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. त्यांचा लढा परकीय सत्तेपेक्षा इथल्याच जातिव्यवस्थेशी अधिक होता, आणि १५ ऑगस्टला तो संपला नाही. म्हणून ५६ हे त्यांचे वय वाटेच्या शेवटाचे नव्हे, वाटेवरच्या एका मुक्कामाचे वय आहे, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

वाट लांबली म्हणजे नेमके काय झाले, हे आकड्यांपेक्षा एका जागेच्या उदाहरणाने अधिक नीट कळते. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीतील बारा जणांना अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आले. नेहरू आत गेले तेव्हा ५२ वर्षांचे होते आणि जून १९४५ मध्ये त्यांची सुटका झाली तेव्हा ५५ वर्षांचे. पटेल ६६ व्या वर्षी आत गेले आणि ६९ व्या वर्षी बाहेर आले. आझाद किल्ल्यात असतानाच १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नीचे निधन झाले. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींबरोबर स्थानबद्ध असलेले त्यांचे सचिव महादेवभाई देसाई अटकेनंतर आठवडाही पुरता उलटला नव्हता तोच, वयाच्या ५० व्या वर्षी गेले, आणि तो दिवस होता १५ ऑगस्ट १९४२. पाच वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला. कस्तुरबा फेब्रुवारी १९४४ मध्ये तिथेच गेल्या. आयुष्यभरातील नेहरूंच्या सगळ्या तुरुंगवासांची बेरीज सुमारे नऊ वर्षे होते. म्हणजे त्यांच्या वयाच्या ५७ वर्षांपैकी नऊ वर्षे भिंतीआडची आहेत.

अमेरिकेतील नेत्यांनीही धोका पत्करला होता, यात शंका नाही. जाहीरनाम्यावर सही करणे हा राजद्रोह होता आणि पराभव झाला असता तर फाशी अटळ होती. परंतु त्यांचा धोका कमी काळात एकवटलेला होता आणि त्याचा निकाल रणांगणावर लागला. भारतातील लढा मुख्यतः तुरुंग, वाटाघाटी, निवडणुका आणि पुन्हा तुरुंग असा फेऱ्याफेऱ्यांनी चालला. १९२०, १९३० आणि १९४२ या तीन मोठ्या लाटांमध्ये साधारण दहा-दहा वर्षांचे अंतर आहे आणि प्रत्येक लाटेनंतर तेच नेते दहा वर्षांनी अधिक वयाचे होऊन पुन्हा उभे राहिलेले दिसतात. दांडीयात्रेच्या वेळी गांधीजी ६० वर्षांचे होते, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातील ती सर्वांत महत्त्वाची आहे. स्वातंत्र्याच्या दिवशीची वये आपण मोजतो ती त्या दिवशी हयात असलेल्यांची. जे वाटेतच गेले त्यांचे वय या यादीत येतच नाही. काँग्रेसची स्थापना डिसेंबर १८८५ मधील. तिथपासून १९४७ पर्यंतच्या जवळपास ६२ वर्षांत नेत्यांच्या दोन पिढ्या संपल्या. गोखले १९१५ मध्ये वयाच्या ४८ व्या वर्षी गेले, टिळक १९२० मध्ये ६४ व्या वर्षी, चित्तरंजन दास १९२५ मध्ये ५४ व्या वर्षी. हे झाले वडीलधाऱ्यांचे. परंतु जे तरुण गेले त्यांच्यामुळे सरासरी अधिकच वर सरकली. भगतसिंग २३ मार्च १९३१ रोजी फाशी गेले तेव्हा २३ वर्षांचे होते. त्यांच्याबरोबर फाशी गेलेले राजगुरू २२ वर्षांचे होते. भगतसिंग जगले असते तर १५ ऑगस्ट १९४७ रोजी ते ३९ वर्षांचे असते, म्हणजे पहिल्या मंत्रिमंडळातील जगजीवनराम यांच्याच वयाचे आणि १७७६ मधील जॉन ॲडम्स यांच्याहून एका वर्षाने लहान. सुभाषचंद्र बोस ५० वर्षांचे असते. आपल्या संस्थापकांची यादी वयस्कर दिसते याचे एक कारण असे की तिच्यातील तरुणांच्या जागा रिकाम्या आहेत.

रिकाम्या नसलेल्या, पण मोजल्या न गेलेल्या जागाही आहेत. जयप्रकाश नारायण १९४७ मध्ये ४४ वर्षांचे होते, म्हणजे १७७६ मधील वॉशिंग्टन यांच्या वयाचे. तरीही त्या काळी त्यांना युवकांचे नेते म्हटले जाई, कारण त्यांच्यापुढे साठी-सत्तरीतली माणसे उभी होती. राममनोहर लोहिया ३७ वर्षांचे होते. ९ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकच्या मैदानावर तिरंगा फडकवणाऱ्या अरुणा असफ अली स्वातंत्र्याच्या दिवशी ३८ वर्षांच्या होत्या. भूमिगत चळवळ ज्यांनी चालवली त्यांपैकी बरेच जण समाजवादी होते, ते सरकारबाहेर राहिले आणि १९४८ मध्ये काँग्रेसमधूनही बाहेर पडले. त्यामुळे ‘राष्ट्राचे संस्थापक’ म्हणून जी नावे पाठ होतात त्यांत ते सहसा येत नाहीत. ही तीन नावे आपल्या आठांच्या यादीत मिळवली तर सरासरी ६३ वरून ५७ वर उतरते. उलट, त्या दिवशी संयुक्त प्रांताच्या राज्यपाल झालेल्या ६८ वर्षांच्या सरोजिनी नायडू मिळवल्या तर ती पुन्हा वर सरकते. म्हणजे ‘संस्थापकांचे सरासरी वय’ हा आकडा वाचताना यादी कोणी आणि कोणत्या कसोटीने केली, हे आधी विचारले पाहिजे.

अमेरिकेच्या बाबतीत हीच चूक उलट दिशेने होते. अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जेम्स मन्रो यांची वये देऊन १७७६ ची पिढी किती कोवळी होती हे सांगण्याची पद्धत आहे. मन्रो त्या दिवशी १८ वर्षांचे होते. हॅमिल्टन यांचे जन्मवर्ष काही कागदांवरून १७५५ तर काहींवरून १७५७ निघते, त्यामुळे ते १९ तरी होते किंवा २१ तरी. ही वये खरी आहेत, पण त्या दिवशी हे दोघे राष्ट्राचे संस्थापक नव्हतेच. हॅमिल्टन तोफखान्याचे कॅप्टन होते आणि मन्रो महाविद्यालय सोडून सैन्यात दाखल झालेले तरुण अधिकारी. त्यांची कीर्ती नंतरची आहे, आणि ती मागे नेऊन १७७६ च्या दिवसाला चिकटवली की सारी पिढीच विशीतली भासू लागते. जाहीरनाम्यावर प्रत्यक्ष सह्या करणाऱ्या ५६ जणांकडे पाहिले तर सरासरी सुमारे ४४ येते. त्यांतील सर्वांत लहान एडवर्ड रटलेज २६ वर्षांचे होते आणि सर्वांत वडील फ्रँकलिन ७०.

सरासरी हा शब्द वारंवार आला आहे, तेव्हा तिचा एक दोषही सांगायला हवा. जाहीरनाम्याचा मसुदा तयार करण्यासाठी पाच जणांची समिती नेमली होती. त्यांची वये २९, ३३, ४०, ५५ आणि ७०. सरासरी ४५ हून थोडी अधिक येते. परंतु वये चढत्या क्रमाने मांडून बरोबर मधले घेतले तर ते ४० येते. एकट्या फ्रँकलिन यांना वगळले तर उरलेल्या चौघांची सरासरी ३९ वर घसरते. एक वयस्कर माणूस साऱ्या समितीला सहा वर्षांनी प्रौढ करतो. आपल्या आठांच्या यादीतून गांधीजींना वगळून पाहिले तर सरासरी ६३ वरून ६१ वर येते, म्हणजे दोनच वर्षांचा फरक पडतो. याचा अर्थ असा की अमेरिकेच्या समितीत एक वृद्ध आणि बाकीचे बहुतेक तरुण किंवा मध्यमवयीन होते, तर भारतात सारी फळीच एकत्र वयस्कर झाली होती, कारण ती एकाच वाटेने एकत्र चालत आली होती.

काही वाचक इथे असा प्रश्न विचारतील की १९४७ च्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान साधारण ३२ वर्षे होते, मग सत्तरीचे नेते हा चमत्कारच नव्हे का? तसे नाही. जन्माच्या वेळचे आयुर्मान कमी असते ते मुख्यतः बालमृत्यूंमुळे. जन्मलेल्या मुलांपैकी मोठा भाग पहिल्या पाच वर्षांतच दगावला की सरासरी खाली कोसळते, पण जो माणूस तिशी गाठतो त्याला पुढे पन्नाशी-साठी गाठण्याची बऱ्यापैकी आशा असते. त्या काळातील ३२ वर्षांचा माणूस म्हातारा समजला जात नव्हता. तरीही नेत्यांपैकी बहुतेकांची घरची स्थिती आणि त्यांना मिळालेले शिक्षण सामान्य शेतकऱ्याच्या वाट्याला येणारे नव्हते, आणि दीर्घायुष्यात त्याचा वाटा होता, हे मान्य करायला हवे.

वय जास्त म्हणजे स्वभाव सौम्य आणि वय कमी म्हणजे बंडखोर, हा समजही या विषयाला चिकटलेला आहे. फ्रँकलिन यांच्याच घरातील उदाहरण त्याला छेद देते. ७० वर्षांचे वडील राजाविरुद्ध जाहीरनामा काढणाऱ्यांत होते, आणि पंचेचाळिशीच्या आसपास असलेले त्यांचे पुत्र विल्यम हे न्यू जर्सीचे राजनियुक्त गव्हर्नर होते, ते राजाशी एकनिष्ठ राहिले आणि जून १७७६ मध्ये बंडखोरांनी त्यांना अटक केली. म्हाताऱ्या साम्राज्याविरुद्ध तरुण राष्ट्र, हे चित्रही माणसांच्या पातळीवर टिकत नाही. राजा तिसरा जॉर्ज १७७६ मध्ये ३८ वर्षांचा होता, म्हणजे वॉशिंग्टन यांच्याहून सहा वर्षांनी लहान. लॉर्ड माउंटबॅटन १९४७ मध्ये ४७ वर्षांचे होते, म्हणजे नेहरूंहून दहा आणि पटेलांहून चोवीस वर्षांनी लहान.

लढ्याची लांबी आणि नेत्यांचे वय यांचा संबंध इतर देशांतही दिसतो, आणि सर्वांत स्पष्टपणे तो आफ्रिकेत दिसतो. बेल्जियमच्या ताब्यातील काँगो ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा त्या दिवशी ३४ वर्षांचे होते, दोनच दिवसांनी ३५ पूर्ण करणार होते. त्यांचा पक्ष ऑक्टोबर १९५८ मध्ये स्थापन झाला होता, म्हणजे पक्षाच्या जन्मापासून सत्तेपर्यंत वीस महिने. भारतात याच प्रवासाला ६२ वर्षे लागली. टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीत, ज्युलियस न्येरेरे यांचा पक्ष १९५४ मध्ये उभा राहिला, स्वातंत्र्य १९६१ मध्ये आले आणि न्येरेरे त्या दिवशी ३९ वर्षांचे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर साम्राज्ये स्वतःच मागे सरू लागली होती आणि आधीच्या देशांनी दीर्घ लढा देऊन मोकळी केलेली वाट नंतरच्यांना लवकर चालता आली. म्हणून तिथले नेते तरुण.

लवकर पोहोचण्याला किंमत नसते असेही नाही. लुमुंबांना सत्ता मिळाली तेव्हा प्रशासनात आणि सैन्यात वरच्या जागांवर प्रशिक्षित काँगोली माणसे जवळजवळ नव्हतीच. जानेवारी १९६१ मध्ये त्यांची हत्या झाली. भारतात काँग्रेसची माणसे १९३७ पासूनच प्रांतांची सरकारे चालवून बसली होती, अर्थसंकल्प, पोलीस आणि नोकरशाही हाताळून बसली होती. मुंबई प्रांताचे बाळासाहेब खेर आणि संयुक्त प्रांताचे गोविंद वल्लभ पंत हे १९३७ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते आणि १९४७ मध्ये साठीच्या. त्यांच्या वयात राज्यकारभाराचा अनुभव साठलेला होता. वाट लांबल्याने आयुष्ये गेली, हे खरे. पण राज्य कसे चालवायचे हे शिकायलाही त्याच वाटेवर वेळ मिळाला.

मग स्वातंत्र्यानंतर किती वेळ हाती उरला, हा वयाच्या हिशेबाचा दुसरा अर्धा भाग. जेफरसन आणि जॉन ॲडम्स हे दोघेही ४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, मरण पावले. मॅडिसन १८३६ पर्यंत जगले. १८२५ पर्यंतचे पाच राष्ट्राध्यक्ष पाहिले तर पाचही जण १७७६ मध्ये सज्ञान होते. संविधानातील कलमाचा अर्थ काय, असा वाद १८३० च्या दशकात उद्भवला तेव्हा ज्यांनी ते घडवले त्या मॅडिसन यांनाच विचारता येत होते, आणि त्यांनी उत्तरही दिले. भारताला ही सोय मिळाली नाही. गांधीजी साडेपाच महिन्यांत गेले. पटेल डिसेंबर १९५० मध्ये गेले आणि आंबेडकर डिसेंबर १९५६ मध्ये, संविधान लागू होऊन सातच वर्षे होत असताना. पाकिस्तानची स्थिती याहून बिकट झाली. महंमद अली जिना फाळणीच्या वेळी ७० वर्षांचे आणि क्षयाने पोखरलेले होते, तेरा महिन्यांत ते गेले, पंतप्रधान लियाकत अली खान १९५१ मध्ये मारले गेले आणि देशाला पहिले संविधान १९५६ मध्ये मिळाले. या विलंबाचे एकमेव कारण नेत्यांचे वय होते असे म्हणता येणार नाही, परंतु घडवणारी माणसेच उरली नव्हती हे त्यातील एक कारण निश्चित आहे. अमेरिकेने जाहीरनामा आणि संविधान यांच्यात अकरा वर्षे जाऊ दिली. भारताच्या संविधान सभेने आपले काम दोन वर्षे, अकरा महिने आणि अठरा दिवसांत पुरे केले. मला नेहमी वाटते की ते काम याहून लांबले असते तर ते पुरे करायला तीच माणसे उरली नसती.

तरुण वयात स्वातंत्र्य पाहिलेला नेता दीर्घकाळ टिकतो, ही गोष्ट आपल्याकडेही एका उदाहरणात दिसते. १९४७ मध्ये ३९ वर्षांचे असलेले जगजीवनराम १९७९ मध्ये उपपंतप्रधान होते. अल्जीरियात अब्देलअझीझ बुतेफ्लिका १९६२ च्या स्वातंत्र्याच्या दिवशी २५ वर्षांचे होते आणि लोकांनी रस्त्यावर उतरून त्यांना राष्ट्राध्यक्षपदावरून हटवले ते २०१९ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी. वयाने तरुण संस्थापक म्हणजे देशाला नेहमीच लाभ, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

आपल्या आठ जणांपैकी ऑगस्ट १९६३ मध्ये तिघेच हयात होते: नेहरू, कृपलानी आणि राजगोपालाचारी. राजगोपालाचारी ८४ वर्षांचे होते आणि चार वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाचे नेतृत्व करत काँग्रेस सरकारवर कठोर टीका करत होते. चीनविरुद्ध १९६२ मध्ये झालेल्या पराभवानंतर, ऑगस्ट १९६३ च्या त्या महिन्यात, ७४ वर्षांच्या कृपलानींनी ७३ वर्षांच्या नेहरूंच्या सरकारवर लोकसभेत अविश्वासाचा ठराव मांडला. भारतीय संसदेतील तो पहिला अविश्वास ठराव होता. बाजूने ६२ आणि विरुद्ध ३४७ मते पडून तो फेटाळला गेला. एकवीस वर्षांपूर्वी, त्याच ऑगस्ट महिन्यात, हे दोघे अहमदनगरच्या किल्ल्यात एकत्र बंदी होते.